बुडवलेल्या तुरीचा हिवाळा

जानेवारी लागला की आमच्या हसनाबादेत तुरीचे दोन वास येतात. एक, मीठ घालून उकडलेल्या हिरव्या शेंगांचा. दुसरा, कापून रचलेली तूर उन्हात वाळत पडली की येणारा, जरासा कडसर, नाकात बसून राहणारा. घरामागच्या शेतात मळणी यंत्र लागलं की दिवसभर त्याची घरघर चालते आणि संध्याकाळी दोरीवरचे कपडे झटकले तर भुसा उडतो. गाव या दिवसांना सुगी म्हणतं. मला मात्र हे दिवस आले की तीन वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी माझ्या दोन लेकरांसाठी विज्ञान निवडत होते.

विज्ञान कुणी निवडतं का, असं मला तेव्हा गल्लीतल्या बायकांनीही विचारलं होतं. शाळा सांगते ते पुस्तक आणायचं, त्याला खाकी कव्हर घालायचं आणि जूनमध्ये पहिला धडा उघडायचा. माझं शिक्षण तसंच झालं. पण त्या वर्षी माझी लेकरं शाळेत जात नव्हती, घरी शिकत होती. काय शिकायचं, कशातून शिकायचं, हे सगळं माझ्यावर येऊन पडलं होतं.

त्याला कारण होतं चेतनाची बोटं. माझी थोरली मुलगी चेतना अकरा वर्षांची असताना तिला सांध्यांचा आजार झाला. लहान मुलांनाही संधिवात होतो, हे मला संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच कळलं. थंडीत ती सकाळी उठली की तिच्या मुठी मिटलेल्याच असायच्या. कोमट पाण्यात हात बुडवून, तिळाचं तेल लावून, उन्हात बसवून एकेक बोट सुटं व्हायला दहा-साडेदहा वाजायचे. शाळा त्याच्या कितीतरी आधी भरायची. शिक्षक वाईट नव्हते. तिला खाली बसता येत नाही म्हणून त्यांनी आपणहून तिच्यासाठी खुर्ची आणली आणि वर्गाच्या दाराशी, येता-जाता सोपं पडेल अशी ठेवली. सगळी मुलं खाली सतरंजीवर आणि ही एकटी वर, दारापाशी. लिहिणं मागे पडायचं, मग शेजारची मुलगी तिची वही पुरी करून द्यायची. मी भाकरी थापताना पीठ चिकट का होतं, तवा काळा का पडतो, असं शंभर वेळा विचारणारी माझी पोर हळूहळू काही विचारेनाशी झाली. मला तिच्या दुखण्यापेक्षा या गप्प होण्याची जास्त भीती वाटली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला पाठवलंच नाही. महिन्याभरात आठ वर्षांचा धाकटा सम्यकही म्हणाला, ताई घरी तर मीपण घरी. माझा नवरा मिलिंद भोकरदनला नोकरीला. त्यानं चार ठिकाणी विचारून मुक्त विद्यालय मंडळातून आठवीची परीक्षा देता येते, हे शोधून काढलं. आम्ही दोघांनी ठरवलं. राहिले मामा.

मामा म्हणजे माझे सासरे. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, तेव्हाच पंचाहत्तरीला टेकलेले. ते लहान असताना त्यांना वर्गाच्या दाराशी, चपलांच्या शेजारी बसावं लागे. त्यांचे वडील मजुरीला जायच्या आधी रोज गुरुजींपुढे हात जोडत, पोराला आत घ्या म्हणत. धम्मदीक्षा घेतल्यावर त्या माणसानं हात जोडणं सोडलं. पोराचा हात धरला आणि त्याला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. कुणी उठवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं. अशा बापाच्या मुलाला मी सांगत होते, की तुमची नात शाळेत जाणार नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग मी न राहवून म्हणाले, "मामा, तिलाही दाराशीच बसवलं होतं."

ते म्हणाले, "बराबर हाय तुझं. पण दाराशी बसलेल्यानं आत सरकायचं असतं, सुषमा. घरी यायचं नसतं."

तरी मी माझ्या निर्णयावरून हलले नाही, कारण मुठी मिटलेल्या पोरीला मी रोज सकाळी बघत होते.

मराठी आणि गणित रुळायला वेळ लागला नाही. अडलं ते विज्ञानाशी, आणि अडलं याचं कारण ते मला येत होतं. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. लग्नाआधी जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काम केलेलं. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, उबदार कपाटात ठेवायची आणि ठरल्या दिवशी उघडून मोजायच्या. किती नीट उगवल्या, किती वाकड्या, किती कुजल्या. आमच्या मॅडमचा एकच नियम होता, दिसेल तेच लिहायचं. नव्वद यायला हवेत म्हणून नव्वद लिहायचे नाहीत. जो विषय आपण हातानं केलेला असतो, त्याच्याबाबतीत माणूस फार चोखंदळ होतो. इतिहासाचं मी कुठलंही पुस्तक घेतलं असतं. विज्ञानाचं मात्र एकही मनास येईना.

डिसेंबरात आमच्या अंगणातल्या बाजेवर तीन पर्याय होते. एक टॅबवरचा अभ्यासक्रम. एक खोक्यात येणारा संच, त्याचं नमुन्याचं खोकं मिलिंदनं भोकरदनहून मोटरसायकलवर बांधून आणलेलं. आणि तिसरी सरकारी पुस्तकं. ती मी आणलीच नव्हती. एके दिवशी मामा भोकरदनला जाऊन आले आणि त्यांनी ती बाजेवर ठेवली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, परीक्षा याच्यावरच होणार, बाकी सगळा फुकटचा खर्च.

मी टॅबवरचा घेतला. आता सांगायला हरकत नाही, की त्यात माझं विज्ञान कमी आणि आईपण जास्त होतं. त्यात चेतनाला काही धरायचं नव्हतं, ओतायचं नव्हतं, चिमटीत पकडायचं नव्हतं. नुसतं बघायचं. काचेच्या नळीत रंग बदलत होते, बी पंधरा सेकंदांत रुजून त्याला दोन पानं फुटत होती आणि एक गोड आवाज सगळं समजावून सांगत होता. शेवटी प्रश्न यायचे. चेतना सगळी उत्तरं बरोबर द्यायची. पंधरा दिवस हे चाललं. मिलिंद खूश होता, मीही होते. सम्यकनं तेवढ्यात खोक्यातला संच फोडून दिवाळीच्या फटाक्यांसारखा तीन दिवसांत उडवून संपवला. नंबर टाकलेली पाकिटं, मोजून दिलेली पावडर, आणि पाकीट संपलं की त्याचा प्रश्नही संपलेला.

मग एका दुपारी मी अंगणात तूर पाखडत होते. चेतनानं टॅब बाजेवर पालथा ठेवला आणि मला विचारलं, "आई, याच्यात प्रयोग कधी चुकतच न्हाई का?"

मी सांगितलं, की ते नीट करून मगच दाखवतात. त्यावर ती म्हणाली, मग खरंच झालंय ते कळायचं कसं. मी सूप हलवत म्हणाले, की हातानं करायचं तर तुझी बोटं दुखतील, म्हणून मी हे घेतलं.

"दुखतील तर माझी दुखतील," ती म्हणाली. "तू कशाला आधीच ठरवून राह्यली?"

ती चिडली नव्हती. नुसतं विचारत होती, पूर्वी विचारायची तसं. माझ्या हातातलं सूप थांबलं. शाळेतल्या त्या भल्या शिक्षकांनी जे केलं होतं, तेच मी घरात केलं होतं. मीही तिला एक खुर्ची आणून दिली होती. माझी जरा मऊ होती, एवढाच फरक.

त्या दिवसापासून आम्ही मामांनी आणलेली पुस्तकं उघडली. मला ती नको होती, कारण मी ती पाठ करून मोठी झाले होते. पण चेतनानं पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, यातलं सगळं सामान तर आपल्या घरातच आहे. पेला, पाणी, दोरा, मेणबत्ती, काडेपेटी, हळद. मी पुन्हा वाचलं आणि मला लाज वाटली. ज्या कुणी ते धडे लिहिले, त्यांना ठाऊक होतं की हे पुस्तक अशा गावात उघडलं जाईल जिथं प्रयोगशाळा नाही. त्यांनी तसेच प्रयोग निवडले होते. पुस्तकात काही कमी नव्हतं. आम्ही कुणी ते केलेच नव्हते.

पहिला प्रयोग तिनं बी रुजण्याचा निवडला. अंगणात तुरीची रास पडलेली असताना दुसरं काय सुचणार? चार काचेचे पेले, प्रत्येकात तुरीचे वीस दाणे. एक कोरडा, एकात ओला कापूस, एक ओल्या कापसासकट फ्रिजमध्ये, आणि एकात दाणे चार बोटं पाण्यात बुडवलेले. ऐंशी दाणे मोजून घालायला तिला उन्हात बसून बराच वेळ लागला. दाणे चिमटीतून निसटत होते. सम्यक पळत जाऊन उचलून आणायचा, तर तिनं त्याला ते परत जागेवर ठेवायला लावले आणि स्वतः वाकून उचलले. मी चुलीपाशी पाठ करून बसले, कारण बघत राहिले असते तर उठून मदत केली असती.

सहाव्या दिवशी मोजणी झाली. कोरड्यात शून्य. फ्रिजमधल्यात शून्य. ओल्या कापसावर अठरा. आणि बुडवलेल्या पेल्यात सात दाण्यांना पांढरी टोकं फुटलेली. पुस्तकात तर लिहिलं होतं, पाण्यात बुडालेलं बी रुजत नाही, कारण त्याला हवा मिळत नाही. चेतनानं वहीत लिहिलं, सात.

मामा इतके दिवस बाजेवर पेपर वाचत असायचे. या शिकण्यात त्यांनी भाग घेतला नव्हता आणि विरोधही केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पेपर खाली घेतला आणि तिला सांगितलं, की 'बी रुजले नाही' असं लिही, परीक्षेत तेच विचारतात. ती म्हणाली, आबा, पण रुजलंय. ते म्हणाले, मार्क जातील. ती म्हणाली, पण रुजलंय ना. त्यांचा आवाज जरा चढला. हिची परीक्षा एकच, ती हुकली तर शाळेत परत जायचा रस्ताही बंद, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि ते खोटं नव्हतं. चेतनानं रबर हातातही घेतलं नाही. मला मध्ये पडावंसं वाटत होतं. मी पडले नाही.

शेवटी मामा उठले. त्यांनी आतून स्टीलचं ताट आणलं, पेल्यातलं पाणी निथळून दाणे ताटात पसरले आणि चष्मा लावून बोटानं एकेक सरकवत मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत खाली न बसलेले मामा तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.

"तीस वर्षं मी पोरांना सांगितलं, बुडवलेलं बी उगवत न्हाई," ते म्हणाले. "एकदाबी बुडवून बघितलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. विज्ञानाच्या साहित्याची पेटी शाळेत असायची. पण काही फुटलं तर जाब द्यावा लागेल म्हणून ती कुणी उघडत नसे. ते धड्यातला प्रयोग मोठ्यानं वाचून दाखवत आणि मुलं निरीक्षण आणि अनुमान लिहून घेत. त्यांना स्वतःलाही त्यांच्या गुरुजींनी तसंच शिकवलेलं. ते हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. इतक्या कष्टानं मिळवलेल्या गोष्टीत एक जागा रिकामी राहून गेली होती, ती त्यांना आता दिसली होती, एवढंच.

मला तेव्हा माझी बी.एस्सी. उपयोगी पडली. मी चेतनाला सांगितलं, की पाण्यातही थोडी हवा विरघळलेली असते. ती काढायची तर पाणी उकळून गार करायचं आणि नवी आत शिरू नये म्हणून वर तेलाचा थर द्यायचा. तिनं लगेच पाचवा पेला मांडला. या वेळी दाणे मामांनी मोजले. आठ दिवसांनी बघितलं, तर वीसपैकी एकालाही टोक फुटलेलं नव्हतं. चेतनानं दोन्ही निकाल एकाखाली एक लिहिले. परीक्षेत काय लिहायचं, हेही तिनंच ठरवलं. हवा न मिळाल्यास बी रुजत नाही, एवढंच ती लिहिणार होती. बुडण्याचं नावच काढणार नव्हती. मामांना ते इतकं पटलं, की त्यांनी ते मिलिंदला दोनदा सांगितलं.

असं आमचं विज्ञान निवडून झालं. पुस्तक सगळ्यांचंच, पण त्यातला प्रत्येक प्रयोग करायचा आणि दिसेल ते लिहायचं. वेळापत्रक मामांनी आखलं. विज्ञान अकरा वाजता, बोटं मोकळी झाली की. अभ्यासक्रम निवडताना मी पानं, चित्रं, धडे, किंमत, सगळं तोलून पाहिलं होतं. दिवसातली कुठली वेळ, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. माझ्या मुलीच्या बाबतीत तोच पहिला होता. मामांनी स्वतःसाठीही एक वही घातली. पाचवीपासून पुढच्या वर्गांना शिकवलेले सगळे प्रयोग ते एकेक करून बघत होते. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी पडून तो लाल झाला, तेव्हा तो कागद त्यांनी वाळवून वहीत चिकटवला आणि खाली सही केली.

तुरीचा वास आला की हे सगळं पुन्हा समोर येतं. यंदा तर जास्तच, कारण मी पुन्हा पुस्तकं घेऊन बसले आहे. सम्यक आता अकरा वर्षांचा आहे, अजून घरीच शिकतो, आणि त्याला बिया, पानं, फुलं काहीही नको आहे. त्याला मोटार उघडायची आहे. ताईसाठी जे लागू पडलं ते त्याला पडणार नाही, हे मला दिसतं आहे. पण या वेळी मला धास्ती नाही. मी त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवीन आणि कुठल्या गोष्टीशी तो भांडतो ते बघेन.

चेतना आठवीची परीक्षा चांगली पास झाली. औषध बदललं, आता बोटं लवकर मोकळी होतात. जूनमध्ये तिनं स्वतःच सांगितलं, की नववीला शाळेत जायचं आहे. तेव्हा घरात एकच माणूस खट्टू झाला, ते मामा. म्हणाले, घरी चांगलं चालून राह्यलं होतं की. मी आणि मिलिंद एकमेकांकडे बघून हसलो, पण त्यांच्यासमोर नाही.

मागच्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, पालकांना बोलावलं आहे. वर्गात पाणी उकळण्याचा प्रयोग झाला होता. बाकी सगळ्यांनी थर्मामीटर बघून वहीत शंभर लिहिलं. चेतनानं अठ्ठ्याण्णव लिहिलं. सर म्हणाले, दुरुस्त कर. ती म्हणाली, मला अठ्ठ्याण्णवच दिसलं. मी निघायच्या बेतात होते, तोवर मामांनी टोपी घातली होती. "मी जातो," ते म्हणाले. मला थोडी भीती वाटली. पोरीला माफी मागायला लावतील, की त्या तरुण सरांना चारचौघांत बोलतील, काही सांगता येत नव्हतं.

ते दोन तासांनी परतले. काय झालं ते मला संध्याकाळी चेतनाकडून कळलं. आबांनी सरांना एवढंच विचारलं, की पाणी पुन्हा ठेवता येईल का. सरांनी दिवा पेटवला. सगळा वर्ग भोवती उभा राहिला. पाणी खळखळून उकळायला लागलं, पारा अठ्ठ्याण्णववर आला आणि तिथंच थांबला. सर कपाटातून दुसरा थर्मामीटर घेऊन आले. तोही तिथंच थांबला. मग सरांना आठवलं, आपण पठारावर राहतो, समुद्रापेक्षा कितीतरी उंच. वरून दाबणारी हवा इथं जरा कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. त्यांनी ते सगळ्यांना समजावून सांगितलं. पस्तीस मुलांनी आपापल्या वहीतलं शंभर खोडलं.

पण हे मला संध्याकाळी कळलं. दुपारी मामा घरी आले, त्यांनी पाय धुतले, बाजेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी विचारलं, काय झालं.

"सर चांगला हाय," ते म्हणाले. "दुसरा थर्मामीटर आणला त्यानं. पोरीला राहू दे तिथंच."